गॅलरीत पडलेली रिंग

बंगळूरच्या जे. पी. नगरमधलं ते घर बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मटण शिजवणार का हेही विचारलं नाही. सोबतच्या एजंटनं या सगळ्या प्रश्नांची उत्तरं वाटेत माझ्याकडून घोकून घेतली होती, ती तशीच वाया गेली. काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "रिंग खेळता येते काय?"

मी एजंटकडे बघितलं. एजंटनं छताकडे बघितलं.

"शाळेत खेळायचे, काका. नागपूरला."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"सरी. डावा पण हळूहळू येईल," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आतून काकू ओरडल्या, "अहो, भाडं तरी सांगा तिला!" तेव्हा कुठे काकांना आठवलं की घर भाड्यानं द्यायचं आहे.

हा माणूस वेडा आहे की फार शहाणा आहे, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. पुढे पाच-सहा वर्षं मी त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहिले, त्यांच्याबरोबर खेळले, त्यांच्यावर चिडले, त्यांच्या घरचे डोसे खाल्ले, पण तो प्रश्न काही सुटला नाही. आता काका नाहीत. त्यामुळे विचारायचं कुणाला, हाही एक नवा प्रश्न होऊन बसला आहे.

काकांचे आजोबा कधीतरी सोलापूरकडून येऊन इथल्या चामराजपेटेत स्थायिक झाले. काकांचं मराठी त्या पेठेतच वाढलेलं. 'थोडं' म्हणायचं असलं की 'स्वल्प', 'झालं' म्हणायचं असलं की 'आयतु', 'बरं'ला 'सरी', 'नको'ला 'बेडा', असं मधेमधे कानडी. आसपासचे सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी मात्र पहिल्या दिवशी काका म्हटलं ते काकाच राहिले. अंगात कारखान्यातली जुनी खाकी हाफपँट, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला बारा महिने माकडटोपी. बंगळूरच्या हवेला एवढी घाबरणारी टोपी आणि एवढी न घाबरणारी पँट एकाच माणसाच्या अंगावर कशी, ते मला कधी समजलं नाही.

आयुष्यभर त्यांनी एका सरकारी कारखान्यात टेस्टिंगच्या विभागात काम केलं. वस्तूवर वजन टाकायचं, वाढवत न्यायचं, ती मोडली की कुठे मोडली ते बघायचं. "मोडायच्या आधी स्वल्प आवाज येतो गं," ते सांगत. "माणसाचा पण येतो. पण शेजारी कुणी पाहिजे ना ऐकायला."

हे ऐकून मी भारावून जायचे आणि लगेच ते म्हणायचे, "तसं मला या कानानं कमीच ऐकू येतं." मग भारावलेल्या चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळायचं नाही.

घराला लागून एक रिकामी साइट होती. बंगळूरात मोकळ्या प्लॉटला साइट म्हणतात. तिचा मालक परदेशात होता आणि तिची राखण काकांकडे होती. काकांनी ती राखली म्हणजे काय, तर बदामाचं झाड आणि एक लोखंडी खांब यांच्यामध्ये जाळी बांधून तिथे रिंगचं मैदान केलं. रोज सकाळी ऑफिसं सुरू व्हायच्या आधी गल्लीतली माणसं तिथे जमायची. बँकेतून निवृत्त झालेल्या सरोजाक्का, माझ्या खालच्या मजल्यावरचं पुण्याचं आयटीतलं जोडपं, समोरचे दोन-तीन आजोबा आणि मी. लाल रबरी रिंग जाळीवरून यायची, ती एका हातानं पकडायची आणि तशीच परत टाकायची. एवढाच खेळ.

पण काकांचे नियम होते. पहिला, गुण मोजायचे नाहीत. "हरलेला माणूस घरी जाऊन विचार करतो. विचार नको म्हणून तर इथं आलो." दुसरा, मैदानावर कुणी कुणाला 'कसं काय, बरं आहे का' असं विचारायचं नाही. "विचारलं की माणूस खोटं बोलतो. बरं आहे म्हणतो. रिंग टाकली की पकडतो, नाहीतर सोडतो. त्यात खोटं कसं बोलणार?" तिसरा, रिंग एकच. जपून टाका, हरवली तर खेळ संपला. बाजारात शंभर मिळतात, एक जास्तीची आणून ठेवू या, असं मी म्हणाले तर ते इतके दुखावले की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि चौथा नियम सगळ्यांत विचित्र. ज्याला राग आलाय त्यानं डाव्या हातानं खेळायचं.

कुणावर राग, कशाचा राग, हे सांगायचं नाही आणि दुसऱ्यानंही विचारायचं नाही. फक्त हात बदलायचा. एक दिवस पुण्याचं जोडपं आलं ते दोघंही डाव्या हातानं खेळायला लागलं. एक जाळीच्या या बाजूला, एक त्या. रिंग बदामाच्या झाडात, गटाराच्या झाकणावर, एका आजोबांच्या टकलावर, सगळीकडे गेली, फक्त समोरच्याच्या हातात गेली नाही. काका मात्र खूश. "आज एकदम फर्स्ट क्लास गेम!" शेवटी बायकोला हसू फुटलं, नवऱ्याला फुटलं, आणि दोघं घरी गेली. मी काकांना विचारलं, "यात फर्स्ट क्लास काय होतं?" ते म्हणाले, "कॅचेस." त्या दिवशी एकही कॅच झाला नव्हता.

ते स्वतः फार वाईट खेळायचे, हे इथे सांगायलाच हवं. गल्लीत त्यांच्याइतका वाईट नेम कुणाचा नव्हता. जाळीपलीकडे टाकलेली त्यांची रिंग मागच्या शेजाऱ्याच्या अंगणात सापडायची. आणि आता मी जे सांगणार आहे त्यात सगळा घोळ याच गोष्टीचा आहे.

मी तिथे राहायला लागून वर्ष झालं असेल. हिवाळा होता. मला काहीतरी झालं. म्हणजे काहीच झालं नव्हतं, तेच तर मला उमगत नव्हतं. नोकरी शाबूत होती, घरी आईबाबा ठणठणीत होते, कुणी सोडून गेलं नव्हतं, कारण सोडून जाणारं कुणी नव्हतंच. पण सकाळी डोळे उघडले की अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं आणि उठावंसंच वाटायचं नाही. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जाणं बंद करून मी घरून काम करायला लागले. मग कॅमेरा बंद ठेवून काम. मग रजा. पडदे लावलेले, दूधवाल्याची पिशवी दाराला लटकलेली. आईचा फोन आला की आवाज नीट करून बोलायचे आणि ठेवला की दमून पडायचे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या घेत होते. त्या म्हणाल्या, "रोज थोडं घराबाहेर पडा, अंग हलवा." खाली मैदान होतं. जिने दोन होते. तेवढे उतरणं मला जमत नव्हतं. आपण अशाच या खोलीत राहून हळूहळू नाहीशा होणार, अशी मला खरोखर भीती वाटायची.

एक दिवस सकाळी गॅलरीत धप्प झालं. कपड्यांचं स्टँड पडलं. पांघरुणातून बघितलं तर लाल रिंग.

मी वाट बघत राहिले की आता खालून कुणीतरी हाक मारेल. कुणी मारली नाही. एकच रिंग असलेला खेळ, ती रिंग माझ्या गॅलरीत, आणि खाली चिडीचूप. शेवटी मी रांगत गेले म्हटलं तरी चालेल आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. सगळे होते तसे उभे होते. एकजणही वर बघत नव्हता. सरोजाक्का बुटाची नाडी बांधत होत्या. पुण्याचा नवरा घड्याळ बघत होता. काका बदामाच्या झाडाकडे असे बघत होते जणू ते काल लावलंय.

मी रिंग खाली टाकली आणि परत पांघरुणात शिरले. दोन मिनिटांत ती परत गॅलरीत. परत टाकली, परत आली. तिसऱ्यांदा माझा पारा चढला. कित्येक आठवड्यांत मला काही वाटलं नव्हतं, आणि आता एकदम राग आला, अगदी कानशिलं तापेपर्यंत. नाइटीवर जाकीट चढवलं, रिंग उचलली, न विंचरलेल्या केसांनी दोन्ही जिने उतरले आणि मैदानात जाऊन ओरडले, "काका, हे काय चाललंय?"

"हात सटकला गं," काका म्हणाले.

"तीनदा?"

"वारा आहे ना." पान हलत नव्हतं. "राग आला काय?"

"आलाय!"

"सरी. मग डाव्या हातानं."

मी सगळा जीव एकवटून डाव्या हातानं रिंग फेकली. ती कशी कोण जाणे, जाळीवरून गेली. सरोजाक्कांनी पकडून परत टाकली. मी पकडली. पुन्हा टाकली. किती वेळ खेळले सांगता येणार नाही. बहुतेक मी रडतही होते, पण घामात आणि धापेत ते वेगळं कळत नव्हतं. कुणी विचारलं नाही काय झालं. निघताना काकूंनी उपीट दिलं, तेही न विचारता.

मग मी जायला लागले. कधी जायचे, कधी नाही. फार दिवस नाही गेले की धप्प व्हायचं. काकांना मी गोळ्यांचं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, आता हे म्हणतील रिंग खेळ, गोळ्या फेकून दे. ते घाबरून म्हणाले, "बेडा, बेडा! गोळी डॉक्टरनं सांगितलं तेवढी घे. मी रिंगवाला माणूस." हळूहळू मला भूक लागायला लागली, पडदे उघडले, ऑफिसला जायला लागले. मी बरी झाले. आता गोळ्यांनी झाले, रिंगनं झाले, काकूंच्या उपिटानं झाले की तो हिवाळाच संपला, ते मला आजही सांगता येत नाही. अगदी खरं सांगायचं तर मला त्याची थोडी चीडही येते. इतकी मोठी गोष्ट आपल्या बाबतीत घडावी आणि ती कशी घडली ते आपल्यालाच माहीत नसावं.

काकांनी ती रिंग मुद्दाम टाकली, असं मी धरून चालले होते. सरोजाक्काही तेच म्हणायच्या. "माझे यजमान गेल्यावर माझ्या अंगणात पण पडली होती. अण्णाला सगळं कळतं." मग एकदा काकूंजवळ मी हे कौतुकानं बोलले. काकू मिरच्या निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की मिरच्या सांडल्या.

"मुद्दाम? नेम धरून? अगं, ताटातली चटणी सापडत नाही त्यांना. डावा डोळा कारखान्यातच अधू झाला. पाणी ओततात ते ग्लासाच्या बाहेर. या साइटच्या चारी बाजूंना पडलीय त्यांची रिंग, फक्त समोर पडत नाही."

म्हणजे तो नुसता अपघात होता? मग ते सगळे वर न बघता का उभे होते? आणि तीनदा? मी परत काकांकडे गेले. "काका, खरं सांगा. तेव्हा मुद्दाम टाकली होती ना?"

"तेव्हा वारा होता," काका म्हणाले.

माझ्या ऑफिसात एकदा मानसिक आरोग्याचा आठवडा साजरा झाला. मी उत्साहाच्या भरात काकांचं नाव सुचवलं आणि त्यांना बेळ्ळंदूरला घेऊन गेले. काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये माकडटोपी, हाफपँट आणि रिंग. एचआरच्या मॅडमनी अदबीनं विचारलं, "सर, आपका मॉडेल क्या है?" काकांनी रिंग पुढे केली. "ये." मग मॅडमनी विचारलं, फरक पडला हे तुम्ही मोजता कसं? काकांनी बराच विचार केला. मला वाटलं आता टेस्टिंगमधलं काहीतरी बाहेर पडेल. ते म्हणाले, "कौन आया नहीं, वो देखता हूँ. बस." मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या ओळीत काय लिहावं ते न कळून पेन बंद केलं. काकांनी तेवढ्यात रिंग टाकली, ती प्रोजेक्टरला लागली आणि कार्यक्रम संपला. परत येताना आउटर रिंग रोडवर आम्ही दीड तास अडकलो. मी शरमून खिडकीबाहेर बघत होते. काका म्हणाले, "त्या मॅडमला आत्ता राग आला होता. डाव्या हातानं खेळली असती तर छान खेळली असती."

मग काकू गेल्या. आजारी अशा नव्हत्याच. एका दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. काकांचा मुलगा बेळ्ळंदूरला राहायचा. दिवसकार्य झाल्यावर तो काकांना तिकडे घेऊन गेला. काका गाडीत बसले तेव्हा त्यांच्या डोक्याला टोपी नव्हती. त्यांचं डोकं इतकं लहान आहे हे मी तेव्हा प्रथम पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. जाताना मुलानं घराची किल्ली माझ्याकडे दिली. लाल रिंग जाळीच्या खांबाला अडकवलेली होती. आम्ही तिच्याशी खेळायचो, पण कुणाचंच लक्ष लागायचं नाही. सगळेच डाव्या हातानं खेळत होते.

काही आठवड्यांनी मुलाचा फोन आला. "ताई, बाबा खोलीबाहेरच येत नाहीत. बोलत नाहीत. खातात ते नावाला. डॉक्टर म्हणाले रोज खाली फिरवून आणा, पण ते भिंतीकडे तोंड करून पडतात. मला भीती वाटतेय. तुम्ही येऊन समजावून बघता का?"

समजावणं तर नियमात बसत नव्हतं. मी रिंग घेतली, आणि रविवारी सकाळी सरोजाक्का, पुण्याचं जोडपं आणि मी अशी चौघं बेळ्ळंदूरला गेलो. मुलाची इमारत उंचच उंच, प्रत्येक मजला एकसारखा, प्रत्येक गॅलरी एकसारखी. काका अकराव्यावर. आम्ही हिरवळीवर उभे राहून वर बघत राहिलो. कुठलीही रिंग तिथवर जाणार नव्हती.

"टाक तरी," सरोजाक्का म्हणाल्या.

मी टाकली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि खाली आली. पुण्याच्या नवऱ्यानं टाकली, ती झुडपात गेली. सिक्युरिटीवाला धावत आला. "मॅडम, यहाँ खेलना अलाउड नहीं है." सरोजाक्का त्याला म्हणाल्या, "स्वल्प अड्जस्ट माडि, अण्णा." तो बिचारा गोंधळून बाजूला उभा राहिला.

मग मी मुलाला फोन केला आणि काकांच्या कानाला लावायला सांगितला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"काका," मी म्हणाले, "रिंग तुमच्या गॅलरीत पडलीय."

मग खरखरीत आवाज आला. "कुणी टाकली?"

"मी."

"खालून?"

"हो."

"अकराव्या मजल्यावर?"

"हो."

"शक्य नाही."

"हात सटकला, काका," मी म्हणाले. फोन बंद झाला.

आता काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आम्ही तेच केलं जे त्यांनी माझ्यासाठी केलं होतं. उभे राहिलो. वर बघितलं नाही. सरोजाक्का नाडी बांधायला बसल्या. मी रिंग पाठीमागे धरून एका शोभेच्या झाडाकडे टक लावून बघत राहिले. सिक्युरिटीवालाही, का कोण जाणे, त्याच झाडाकडे बघायला लागला.

बराच वेळ गेला. मग लिफ्टचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. पायांत घरातल्या स्लिपर, दाढी वाढलेली, पण डोक्याला माकडटोपी. मागे मुलगा, तोंड उघडं ठेवून.

काकांच्या हातात रिंग होती. लाल. माझ्या पाठीमागच्या हातात होती तितकीच जुनी, तितकीच झिजलेली.

"गॅलरीत पडली होती," काका म्हणाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, ही तर तुमच्या बॅगेतून..." आणि गप्प झाला, कारण सरोजाक्कांनी त्याच्याकडे डोळे वटारले. म्हणजे दुसरी रिंग होती. केव्हापासून होती? माझ्या गॅलरीत पहिली पडली होती तेव्हा दुसरी त्यांच्या खिशात होती का? काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी माझ्या हातातली रिंग हळूच सरोजाक्कांच्या पिशवीत सोडली.

काका हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. जाळी नव्हती, तरी त्यांनी आमच्यामध्ये एक जाळी आहे असं धरलं. मग त्यांनी रिंग उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतली. पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी डाव्या हातानं खेळताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी ती सगळ्या ताकदीनिशी माझ्याकडे फेकली. ती सरळ माझ्या हातात आली. मी ती परत टाकली, त्यांनी पुन्हा फेकली, आणखी जोरात, आणि आम्ही खेळत राहिलो. त्यांना कुणी काही विचारलं नाही.